छातीत घुसलेला चाकू ओढून काढू नका! त्या व्हायरल मेसेजमधलं एकेक बघू

आठवडाभरात तीन ग्रुपवर मला तोच मेसेज आलाय, छातीत चाकू किंवा सळई घुसली तर काय करायचं त्याचा, खाली हात जोडलेले आणि जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. त्यात म्हटलंय की घुसलेली वस्तू लगेच काढा, जखमेत हळद भरून वर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवा, पाणी पाजत राहा, माणूस चालत-बोलत असेल तर जखम वरवरची समजा, पोलिसात नोंद झाल्याशिवाय हॉस्पिटल हात लावत नाही म्हणून आधी चौकीत जा, हॉस्पिटलमध्ये गेलात की छाती फाडतात, आणि हृदयालाच लागलं असेल तर काही उपयोग नाही. मी बारा वर्षं कॅज्युअल्टी आणि सर्जरी वॉर्डात नर्स आहे. यातलं एकही वाक्य बरोबर नाही आणि काही तर जीव घेणारी आहेत, म्हणून लिहायला बसले.

"घुसलेली वस्तू लगेच काढा"

हे सगळ्यात वाईट. आत गेलेलं पातं ज्या रक्तवाहिनीला कापून गेलंय तिलाच ते बऱ्याचदा दाबूनही धरतं, बुचासारखं. रस्त्यावर ते ओढलंत की बूच निघालं, आणि आतलं रक्त थांबवायला तुमच्याकडे तिथे काहीही नाही, छातीच्या आतल्या रक्तावर बाहेरून दाब देता येत नाही. आमच्याकडे एकदा बांधकामावरून पडलेला पोरगा आला होता, सळई बगलेखालून आत. त्याच्या मिस्त्रीने शहाणपणा केला, सळई न ओढता बाहेरचा लांब भाग ग्राइंडरने कापला, दोघांनी ती घट्ट धरून ठेवली होती, मग भोवती दोन गमछे गुंडाळले की ती हलू नये, आणि टेम्पोत कुशीवर झोपवून आणला. श्वासागणिक ते बाहेर राहिलेलं टोक वर-खाली होत होतं, ते मला अजून दिसतं. ती सळई निघाली ती ऑपरेशन थिएटरमध्ये, छाती उघडल्यावर, रक्ताच्या पिशव्या टांगून. पोरगा घरी गेला.

जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर वांद्र्याला हल्ला झाला तेव्हाही तेच. पाठीत मणक्याजवळ अडकलेला अडीच इंचाचा तुकडा तसाच ठेवून तो रिक्षाने हॉस्पिटलला पोचला आणि डॉक्टरांनी तो ऑपरेशन करून काढला.

"चालत-बोलत असेल तर वरवरचं आहे"

१० सप्टेंबर १८९८, जिनिव्हा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ बोटीवर चढायला निघालेली, एकाने छातीत कानशीचं टोकदार पातं खुपसलं. ती पडली, उठली, चालत बोटीवर गेली. लोकांना वाटलं बुक्की मारली. थोड्या वेळाने कोसळली तेव्हा कपडे सैल केले तर रक्ताचा एक छोटा डाग. आत मात्र पातं हृदयापर्यंत गेलेलं.

हे कसं होतं ते समजून घ्या. हृदयाभोवती एक पिशवी असते आणि ती पटकन ताणली जात नाही, तिच्यात अचानक १००-२०० मिली रक्त साठलं, म्हणजे कपभर सुद्धा नाही, तरी हृदयाला फुगायला जागा उरत नाही आणि बीपी पडायला लागतं, मानेच्या शिरा फुगतात, माणूस अस्वस्थ होतो, घाम फुटतो. बाहेर रक्त कमी म्हणून धोका कमी असं नसतंच. छातीवर, पाठीवर, बगलेत, अगदी बरगड्यांच्या खालच्या कडेला जरी भोसकलेलं असलं तरी थेट हॉस्पिटल.

"हळद आणि चारही बाजूंनी प्लास्टिक"

हळदीने आतलं रक्त थांबत नाही, उलट घाण आत जाते. आणि प्लास्टिकचं म्हणाल तर फुप्फुसाला भोक पडलं की आतली हवा छातीत साठत जाते, तिला बाहेर पडायची वाट तुम्ही बंद केलीत की ती फुप्फुस दाबते, मग हृदय एका बाजूला ढकलते आणि माणूस मिनिटांत जाऊ शकतो. हवा फसफसत असेल तर जखम उघडी ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा, पण हवाबंद करू नका. शुद्धीत असेल तर त्याला बरं वाटेल तसं टेकवून बसवा.

पाणी नको. भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. ओठ ओले करा, बस.

"आधी पोलीस"

सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्यांना लागू आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस (मेडिको-लीगल केस), नोंद आम्ही करतो, पोलिसांना कळवतो सुद्धा आम्हीच. तुम्ही १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा, आणि शक्यतो जिथे सर्जन आणि रक्तपेढी आहे तिथेच.

"गेलं की छाती फाडतात" आणि "हृदयाला लागलं की संपलं"

छातीत भोसकलेल्या बहुतेक पेशंटना मोठं ऑपरेशन लागतच नाही. बगलेखाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या आसपास, फासळ्यांमधून एक नळी घालतात, आम्ही आयसीडी म्हणतो, ती पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते, हवा बुडबुडे काढत बाहेर येते, रक्त बाटलीत जमतं आणि फुप्फुस परत फुगतं. नळी घातल्याबरोबर दीड लिटर आलं, किंवा दोन-चार तास सलग तासाला २०० मिलीच्या वर येत राहिलं, तर मात्र छाती उघडावीच लागते, म्हणून तर आम्ही बाटलीवर पट्टी चिकटवून दर तासाला खूण करतो.

आणि हृदयाचं. १८९६ मध्ये फ्रँकफर्टला लुडविग रेन या सर्जनने भोसकलेल्या तरुणाच्या धडधडत्या हृदयाला रेशमाचे तीन टाके घातले आणि तो वाचला, तेव्हा हार्ट-लंग मशीन नव्हतं, रक्तपेढी नव्हती. आज तर ठोके थांबल्यावरही काही मिनिटांत छाती उघडून भोसकलेल्यांमधले काही परत येतात, आणि ठोके चालू असताना जे पोचतात त्यांची शक्यता कितीतरी जास्त. मोठ्या ग्रुपवर हा मेसेज ज्यांनी टाकलाय त्यांनी तो प्लीज सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि ज्यांना आधीच पाठवलाय त्यांना निदान पहिला मुद्दा तरी फोन करून सांगा, वस्तू काढायची नाही.