२०० एमबीपीएस असूनही पुढची गाडी उडी का मारते?

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'असेटो कोर्सा' या संगणकावरच्या कार-शर्यतीच्या खेळावरच्या माझ्या टिपा महागडं स्टिअरिंग व्हील परवडणाऱ्यांसाठीच आहेत, ऑनलाइन शर्यतीत पुढची गाडी उड्या मारते हा खेळाचाच दोष, कारण तुमच्या घरी २०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, आणि नवी सोय मागायची तर पाऊस मागावा, मी मात्र 'नावाशेजारी ठिपका' मागत बसलोय. भाषा झणझणीत आहे, चालायचंच. उड्यांचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तो घेतो.

शर्यतीला एमबीपीएस फारसे लागतच नाहीत. असेटोच्या सर्व्हरवर प्रत्येक गाडीची खबर (ती कुठे आहे, किती वेगात आहे) साधारण सेकंदाला १८ वेळा जाते (सर्व्हर चालवणारा हा आकडा बदलू शकतो). म्हणजे दोन खबरींमध्ये ५५ मिलिसेकंद. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर ताशी ३०० ने सुटलेली गाडी तेवढ्यात साडेचार मीटर पुढे जाते. त्यात अंतराची भर. समजा तुम्ही मुंबईत आणि सर्व्हर जर्मनीत फ्रँकफर्टला: सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नुसतं जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद गेलेच, आणि केबल काही सरळ जात नाही, तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे वळसा घालते. प्लॅन कितीही मोठा घ्या, हे कमी होणार नाही.

मग गाडी एरवी सुरळीत कशी दिसते? कारण तुम्हाला दिसतो तो अंदाज असतो. शेवटची जागा आणि वेग धरून प्रोग्राम गाडी पुढे ढकलत राहतो. समोरच्याने ब्रेक दाबला की अंदाज चुकतो. जीटी गाडीचं (शर्यतीच्या स्पोर्ट्स कारचं) ब्रेकिंग दीड जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट, धरा: खबर १०० मिलिसेकंद जुनी असेल तर चूक सात-आठ सेंटिमीटरची, ३०० मिलिसेकंद जुनी असेल तर जवळजवळ ७० सेंटिमीटरची. उशीर तिप्पट, चूक नऊपट. मोंझाच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या डाव्या-उजव्या आखूड वळणांना), जिथे सगळे एकदम ब्रेक मारतात, तिथे ७० सेंटिमीटर म्हणजे सरळ बंपरमध्ये घुसणं. त्यामुळे स्थिर १५० मिलिसेकंदांचा पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) मला चालतो. ६० वरून मधूनच ३०० वर उसळणारा नको.

तुमचा पिंग उसळतोय का, हे फुकटात कळतं. शर्यत चालू असताना मागे राउटरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवा. तिथलंच उत्तर दोनवरून ऐंशीवर जात असेल तर वायफाय दोषी. काही शे रुपयांची लॅन केबल ओढा, प्रश्न मिटला. राउटर ठीक आणि बाहेरचा पिंग मात्र अडखळतोय, तर घरात कोणाचा तरी फोन त्याच वेळी फोटो वर चढवत असण्याची शक्यता आहे. अपलोडची रांग तुंबते आणि तुमच्या गाडीची खबर त्या रांगेत मागे उभी राहते. राउटरमध्ये सोय असेल तर अपलोडवर मर्यादा घाला. आणि हो, तेव्हा उड्या मारणारी गाडी तुमची असते, इतरांच्या पडद्यावर. शिव्याही तुम्हालाच पडतात.

महागड्या व्हीलबद्दल: मी सांगितलेल्या दोन गोष्टींना छदाम लागत नाही. खेळातल्याच पेडल्स ॲपमधला फोर्स फीडबॅकचा (व्हील हाताला देतं त्या जोराचा) पट्टा वळणात सतत लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराचं प्रमाण, कमी करा. शंभर टक्क्यांच्या वरचं सगळं एकसारखंच लागतं, टायर सुटतोय हे हाताला कळतच नाही. हे आत दातेरी चाकं असलेल्या साध्या, स्वस्त व्हीलवरही तितकंच खरं. दुसरं, पडद्यावर किती रुंद दृश्य दिसावं तो कोन (फील्ड ऑफ व्ह्यू). २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद असतो. डोळे ६० सेंटिमीटरवर असतील तर आडवा कोन ४८ अंश, आणि असेटोत भरायचा उभा कोन २८. कोन इतका अरुंद केला की 'वेगच वाटत नाही' ही तुमची तक्रार रास्त आहे, बाजूची गाडीही दिसेनाशी होते. त्यासाठी आजूबाजूच्या गाड्या दाखवणारं हेलिकोर्सा हे रडार ॲप लावा. बदल्यात ब्रेकिंगच्या पाट्यांचं अंतर डोळ्याला खरं दिसतं.

आता ठिपका. कोणत्या गाडीची शेवटची खबर किती जुनी, हे प्रोग्रामला आतून माहीतच असतं. ते नावाशेजारी पिवळ्या-लाल ठिपक्याने दाखवा, एवढीच मागणी. लाल दिसला की मी शिकेनला आत घुसणार नाही. रिप्लेमध्येही तो ठिपका हवा, म्हणजे धडक कोणामुळे झाली यावर रात्रभर वाद नको. काही जण म्हणतात, खबर जुनी झाली की गाडी आरपार जाऊ द्यावी. मला ते पटत नाही. मुद्दाम नेट अडखळवून आरपार जाणारे दुसऱ्याच दिवशी निघतील.

पाऊस हवाच असेल तर 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने' या नंतरच्या खेळात तो आहे, आणि जुन्या असेटोलाही कस्टम शेडर्स पॅच या बाहेरच्या जोडणीच्या सशुल्क आवृत्तीतून मिळतो. म्हणून तो माझ्या यादीत नाही.

वायफायवर आणि केबलवर, दोन्ही वेळचे पिंगचे आकडे इथेच टाका. गाडी कोणत्या वळणावर उडाली तेही लिहा, मग पुढचं बघू.