३१ मार्चच्या आत गरिबी हटवा

गरिबीशी लढायचं तुमच्या मनानं घेतलं, हे फार चांगलं झालं. पण म्हणून लगेच उठून पाड्यावर जाऊ नका. तिथे गरीब माणसं भेटतात, ती काहीबाही सांगतात आणि आराखडा बिघडतो. लढाईची सुरुवात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते.

सात माणसं जमवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान तेवढी लागतात. तुम्ही, सौ., मेहुणा, मेहुण्याचा सीए, एक निवृत्त मुख्याध्यापक, हाक मारली की सहीला येणारा शेजारी आणि ज्येष्ठ महिला सदस्य म्हणून आई. यातलं कुणी पुढेमागे वारलंच तर घाबरू नका. पदाधिकारी बदलल्याची नोंद, म्हणजे चेंज रिपोर्ट, मंजूर होईपर्यंत ते कागदोपत्री पदावर राहतात आणि बैठकीत विरोधही करत नाहीत. मग करसवलतीच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि कंपन्यांचा पैसा घ्यायला लागणारा सीएसआर-१ हे सोपस्कार उरकले की तुम्ही लढायला मोकळे.

आता गरीब कोण ते ठरवा. त्यासाठी रेषा लागते आणि रेषांना आपल्याकडे तोटा नाही. पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली एक मांडली होती: १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं नियोजन आयोगानं २०११-१२ सालासाठी काढली: खेड्यात ८१६, शहरात १०००. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक तर रुपये मोजतच नाही. चूल कशावर पेटते, संडास आहे का, बँकेत खातं आहे का, ते बघतो. तुम्ही प्रपोजलमध्ये वरची रेषा घ्या, म्हणजे गरीब भरपूर निघतात. वर्षअखेरच्या अहवालात खालची घ्या. तीच बाई एप्रिलमध्ये रेषेखाली आणि मार्चमध्ये रेषेवर. तिला जागचं हलावंही लागत नाही, रेषाच तिच्यासाठी खाली उतरून येते.

यानंतर नियोजन. ते लोणावळ्याला करावं. दोन दिवस, एक रात्र, नाश्ता धरून. भिंतीवर मोठा कागद, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांमधून बाण. याला 'थिअरी ऑफ चेंज' म्हणतात. बाण डावीकडून निघून उजवीकडे 'समृद्ध कुटुंब' असं लिहिलेल्या ढगात गेले पाहिजेत. मी अशा तीन ढगांना हजर होतो. फील्डवरच्या ताईंना या शिबिराला बोलावू नये. एक तर खोल्या मोजक्या असतात आणि दुसरं, त्या मधेच विचारतात की हा बाण कुठल्या महिन्यात जाणार.

ढगातून उतरलं की लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाचा तक्ता. चार रकाने. पहिले तीन कसेही भरा. सगळी कला चौथ्यात, म्हणजे गृहीतकांत आहे. तिथे लिहा: पाऊस वेळेवर पडेल, स्थलांतर होणार नाही, शासकीय यंत्रणा सहकार्य करील, शेतमालाला भाव मिळेल. गरिबीची झाडून सगळी कारणं या रकान्यात ढकलली की उरलेल्या गरिबीशी लढायला फारसे कष्ट पडत नाहीत.

सैन्यभरती करताना वरून खाली या. आधी संचालक (ते तुम्ही), मग कार्यक्रम प्रमुख, मूल्यमापन अधिकारी, दस्तऐवजीकरण अधिकारी, आणि संस्थेची गोष्ट जगाला सांगणारी एक कम्युनिकेशनवाली मुलगी. हे सगळे पुण्यात किंवा ठाण्यात बसतील. परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च २०२० च्या दुरुस्तीनं ५० टक्क्यांवरून २० वर आणला, तेव्हा पगारांची नुसती नावं बदला. तुमचा पगार म्हणजे 'क्षमताबांधणी', ऑफिसचं भाडं म्हणजे 'संसाधन केंद्र'. हे सगळं बसवून जे काही उरेल त्यात फील्डवर्कर घ्या. एकच घ्या आणि तिला तेवीस पाडे द्या.

तिची जाहिरात अशी असावी: एमएसडब्ल्यूला प्राधान्य, मराठी-इंग्रजी येणं आवश्यक, वारली बोली येत असल्यास उत्तम, स्वतःची दुचाकी, डोंगराळ भागात मुक्कामाची तयारी आणि समाजकार्याची तळमळ. तळमळ महत्त्वाची. ज्याला तळमळ असते तो पगार विचारत नाही, आणि विचारलाच तर त्याला तळमळ नाही हे सिद्ध होतं. तुमचा तो पगार, तिचं ते मानधन. मुलाखतीत तिनं "सर, पेट्रोलचं वेगळं मिळेल का?" असं विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणा, "आम्ही सुरुवात केली तेव्हा पायी फिरायचो." करार अकरा महिन्यांचा करा. बाराव्या महिन्यात तिनं मनानं काम करावं.

मानधन सात हजार. भागिले सव्वीस दिवस, रोजचे २६९ रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला २९७ मिळायचे, आणि त्याला खड्डा खणायला स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून जावं लागत नव्हतं. हा हिशेब ताईंना करू देऊ नका. त्यांना सगळेच हिशेब येतात, हीच मोठी पंचाईत आहे.

पैशाचं म्हणाल तर कंपन्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्चायला लावतं, आणि सातव्या परिशिष्टात भूक, गरिबी, कुपोषण या बाबींचा मान पहिला आहे. करार ऑगस्टमध्ये होतो, मंजुरी नोव्हेंबरात, पहिला हप्ता जानेवारीत आणि तो संपवायचा ३१ मार्चपर्यंत. म्हणजे गरिबी कितीही जुनी असली तरी तुमच्या हातात अडीच महिने.

पालघर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात (नाव कशाला, उगाच कुणाला वाईट वाटायचं) आम्ही असाच जानेवारीत बेसलाइन, म्हणजे कामाआधीचा, सर्व्हे केला. दिवाळी झाली की त्या भागातली माणसं वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, वसई, जिथे उचल मिळाली असेल तिथे. येतात ती होळीला. ताईंनी फोन केला, "सर, निम्म्या दारांना दोरी बांधलेली आहे. घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या." आम्ही म्हटलं, जे आहेत त्यांचे फॉर्म भरा. त्या अहवालातलं एक वाक्य अजून पाठ आहे: '१८ ते ३५ वयोगटात एकही बेरोजगार आढळला नाही.' कंपनीच्या सादरीकरणात या वाक्याला टाळी पडली होती.

फोटोंचीही शिस्त लावून घ्या. ते त्याच दिवशी अपलोड व्हायला हवेत, आणि पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागच्या कातळावर. तेव्हा बायकांना कातळावर बसवा. आमच्या वार्षिक अहवालात पोषण जागृती, शेळीपालन, आर्थिक साक्षरता आणि मासिक पाळी व्यवस्थापन हे चारही कार्यक्रम एकाच कातळावर झालेले दिसतात. मागचं ते एकच करवंदीचं झुडूप कुणालाही खटकलं नाही.

जेवणाचं मात्र जपा. प्रशिक्षणाला चाळीस बाया येणार. पाड्यातला बचत गट म्हणाला, आम्ही रांधतो. नागलीची भाकरी, उडदाचं डांगर, माणशी साठ रुपये. चाळीस साठे चोवीसशे पाड्यातच राहिले असते. पण बचत गटाकडे जीएसटी क्रमांक नाही आणि ऑडिटरला पक्कं बिल हवं. मग तीस किलोमीटरवरच्या हॉटेलातून माणशी एकशे ऐंशीची थाळी आणवली. पनीर होतं. दोन टेम्पो लागले, त्यांचंही पक्कं बिल मिळालं. विषय होता 'स्थानिक उपजीविकांचं बळकटीकरण'. बायांनी पनीर बाजूला काढून घरच्या पोरांसाठी पिशवीत बांधून नेलं, त्याची नोंद आम्ही 'पोषणविषयक जाणीव वाढली' अशी केली.

आता एक धोक्याची सूचना. ताई एकट्या पडल्या की भलतंच काहीतरी करतात. आमच्या ताईंनी दिवाळीआधीच, प्रकल्प सुरू व्हायच्याही अगोदर, तीन पाड्यांत बसून रोजगार हमीचे नमुना ४ चे अर्ज भरले. म्हणजे कामाची मागणी. वर ग्रामपंचायतीकडून तारखेसकट पोचही मागितली, कारण पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, असं २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं. ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, १९७७ चा तिचा कायदा आपल्याच विधिमंडळाचा, त्यामुळे ताईंना वाटलं, यात गैर काय? काम निघालं. बंधाऱ्याचं. तीसेक घरं त्या वर्षी भट्टीवर गेली नाहीत.

यात संस्थेचं किती नुकसान झालं बघा. खर्च शून्य, त्यामुळे बजेटमध्ये दाखवता येईना. बंधाऱ्यावर बोर्ड शासनाचा, त्यामुळे लोगो लावता येईना. लॉगफ्रेममध्ये 'स्थलांतर होणार नाही' हे गृहीतक होतं, साध्य नव्हतं. गृहीतक खरं झालं तर त्याचा अहवाल कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मूल्यमापन अधिकाऱ्यालाही सांगता येईना. शिवाय तालुक्याहून एका साहेबांचा फोन आला, "तुमची ती बाई लोकांना शिकवते काय?" आम्ही ताईंना पुण्याला बोलावून समज दिली. येण्याजाण्याचं भाडं त्यांनी मागितलं नाही, हे त्यांच्या तळमळीला शोभलं.

तर तुम्ही तसलं काही न करता शिलाई मशीन घ्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, होळीला लोक परत आले की लगेच वाटा. पाड्यावर कपडे शिवून घेणारं कुणी आहे का, हा प्रश्न एंडलाइनमध्ये, म्हणजे शेवटच्या सर्व्हेत, नसतो. मशीनवर कंपनीचं स्टिकर मात्र चाकाच्या वरच्या बाजूला, फोटोत येईल असं.

शेवटच्या दोन दिवसांत आकडा जुळवावा लागेल. आमचं उद्दिष्ट होतं २५० लाभार्थी महिला. २९ मार्चच्या रात्री यादी २४९ वर अडली. कार्यक्रम प्रमुखांनी फोन लावला. ताई कातळावर होत्या, वारा ऐकू येत होता.

"सर, माझंच नाव टाकू का? सासऱ्यांच्या नावचं पिवळं रेशनकार्ड आहे आमचं. करारही परवा संपतोय."

कार्यक्रम प्रमुखांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"टाका ताई," ते म्हणाले. "फक्त फोटोत संस्थेचा टी-शर्ट घालू नका."