तड्याचा रकाना

गेल्या आठवड्यात फोन बदलला. जुना फोन न्यायला आलेल्या माणसाने तो दिव्याखाली तिरका धरून पाहिला, डाव्या कोपऱ्यातल्या तड्यावरून नख फिरवले आणि आपल्या यादीत एक खूण केली. तेवढ्याने फोनची किंमत उतरली. तो तडा कधी पडला हे मला नेमके आठवते: बहिणीशी तावातावाने वाद घालत जिना उतरताना. घरात त्याच बनावटीचा, त्याच रंगाचा आणखी एक फोन होता आणि दोन्ही टेबलावर शेजारी पडले की माझा कोणता हे केवळ त्या तड्यावरून कळायचे. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे ती वस्तू ‘माझी’ होती, तिलाच बाजाराच्या हिशेबात दोष म्हणतात.

ही गोष्ट डोक्यात घोळत राहिली, कारण सध्या मी मूलभूत भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नाच्या नादाला लागलो आहे: दोन इलेक्ट्रॉन हे खरोखर ‘दोन’ कशामुळे असतात? कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले दोन फोन सारखे दिसतात, पण चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात फरक सापडतोच. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत तसा फरक शोधायला जागाच नाही. प्रत्येकाचे वस्तुमान तेच (प्रोटॉनच्या सुमारे १८३६व्या हिश्शाइतके), विद्युतभार तोच, फिरकी (‘स्पिन’ नावाचा कणाचा अंगभूत गुणधर्म) तीच. सर्व बाबतींत सारख्या असलेल्या दोन वस्तू या मुळात एकच वस्तू असतात, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ म्हणत असे. इलेक्ट्रॉनांनी त्याच्या अनुयायांची चांगलीच पंचाईत केली असून तत्त्वज्ञांमध्ये त्यावर अजून एकमत नाही. एवढे मात्र निश्चित, की माझ्या शरीरातल्या एका इलेक्ट्रॉनची तुमच्या शरीरातल्या एकाशी अदलाबदल झाली असे समजा म्हटले, तर ती कोणाच्या लक्षात येणार नाही हा मुद्दा नाही. ‘अदलाबदल झाली’ या वाक्याने भौतिक वस्तुस्थितीत कोणताच बदल सांगितला जात नाही, हा मुद्दा आहे.

हे शब्दांचे खेळ वाटू शकतात, म्हणून मोजणीकडे वळू. दोन नाणी उडवली तर चार शक्यता असतात आणि दोन्हींवर छाप पडण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, कारण ‘हे छाप, ते काटा’ आणि ‘हे काटा, ते छाप’ या दोन वेगळ्या घटना आपण धरतो. नाण्यांना ‘हे’ आणि ‘ते’ अशी ओळखच नसेल तर शक्यता तीनच उरतात, आणि त्या सारख्याच संभाव्य मानल्या तर दोन्ही छाप पडण्याची शक्यता एक तृतीयांश होते. प्रकाशकणांची मोजणी निसर्ग या दुसऱ्या पद्धतीने करतो. ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली अशाच मोजणीतून प्लांकचा प्रारणाचा नियम (तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश टाकते हे सांगणारा) काढून दाखवला आणि तो लेख आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करवला. या मोजणीचे सर्वांत नेत्रदीपक फळ दिसायला १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, अगदी जवळ, १७० नॅनोकेल्विनपर्यंत (नॅनोकेल्विन म्हणजे एका अंशाचा अब्जावा भाग) थंड केल्यावर एकाच अवस्थेत गोळा झाले, आणि त्यांतला अमुक अणू कोणता हे विचारण्यात अर्थ उरला नाही.

इथून ‘बघा, विज्ञानानेही मीपणा हा भ्रम ठरवला’ अशी उडी मारणारे पुष्कळ आहेत. (त्यांतल्या काहींकडे ‘क्वांटम’ नावाची एखादी उशी किंवा उपचार विक्रीलाही असतो.) मला ही उडी उतावीळ वाटते. या सगळ्यातून मोडीत निघते ती एकच, बरीच मर्यादित कल्पना: आपली ओळख आपण ज्या द्रव्याचे बनलो आहोत त्या द्रव्यात आहे, ही. द्रव्य बाजूला काढले की रचना उरते आणि त्या रचनेवर उमटलेला इतिहास उरतो. इलेक्ट्रॉनला इतिहास चिकटत नाही. तो एखाद्या ताऱ्याच्या गाभ्यातून आला की फोनच्या बॅटरीतून, याची कोणतीही खूण त्याच्या अंगावर नसते. ओरखडा उमटायला असंख्य कणांची एक टिकाऊ मांडणी लागते. ती असलेल्या वस्तूलाच भूतकाळ अंगावर वागवता येतो.

चंगळवादी व्यवस्था, मला वाटते, नेमक्या याच ठिकाणी आपल्याला फसवते. वस्तू एकसारख्या बनवण्याबद्दल माझी तक्रार नाही. औषधाच्या गोळीला व्यक्तिमत्त्व असावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. तक्रार अशी, की लाखोंच्या संख्येने तयार झालेली, मुद्दाम एकसारखी ठेवलेली वस्तू मला माझ्या वेगळेपणाची खूण म्हणून विकली जाते आणि तिच्यावर माझी खरी खूण उमटली की ती बदलण्याची वेळ झाल्याचे मला कळवले जाते. परवा खरेदीच्या पडद्यावर ‘खास तुमच्यासाठी’ असे शीर्षक होते आणि त्याच्या बरोबर खाली ‘तुमच्यासारख्या इतरांनी हेही घेतले’ असे दुसरे. एकाच नजरेत दोन्ही वाचता येत होती. दुसरे शीर्षक प्रामाणिक आहे. त्या हिशेबात कोणत्या कप्प्यात किती जण आहेत एवढेच मोजले जाते, त्या कप्प्यात कोण आहे हे नाही. बोस यांच्या मोजणीची आठवण होते ती इथे. अर्थात ही उपमाच आहे, माणसे काही प्रकाशकणांचे नियम पाळत नाहीत.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोवेल्ली यांनी १९९६ साली मांडलेल्या दृष्टिकोनानुसार भौतिक गुणधर्म हे नेहमी दुसऱ्या एखाद्या प्रणालीच्या सापेक्षच असतात. मग इतरांच्या नजरेत, इतरांच्या तुलनेत घडणारा ग्राहकाचा ‘मी’ खोटा कसा? सापेक्ष आहे म्हणून तो खोटा आहे असे मी म्हणतच नाही. मात्र रांगेत माझ्या पुढे कोण आणि मागे कोण हाही संबंधच, आणि ज्या भांडणात फोन हातातून निसटला तोही संबंधच. पहिल्यात माझ्या जागी कोणीही उभे राहू शकते.

जुन्यातली माहिती उतरवून घेतली आणि नवा फोन चाळीस मिनिटांत ‘माझा’ झाला. इथे माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटतो हे मला दिसते: ओळख रचनेत असेल आणि रचनेची नक्कल होत असेल, तर मी गमावले काय? अज्ञात क्वांटम अवस्थेची (आधी माहीत नसलेल्या, कणांच्या पातळीवरच्या स्थितीची) अचूक नक्कल करता येत नाही हे १९८२ साली सिद्ध झाले आहे आणि त्याचा आधार घेण्याचा मोह होतो, पण माणसाचे ‘मी’पण अशा अवस्थेवर अवलंबून असल्याचे कोणी दाखवलेले नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. माझे उत्तर बरेच साधे आहे. नक्कल झाली ती यादीतल्या गोष्टींची. यादीत संपर्क होते, छायाचित्रे होती, बहिणीशी झालेल्या वादाचे नंतरचे संदेशही होते. तड्यासाठी रकाना नव्हता. तो फक्त त्या माणसाच्या यादीत होता, वजाबाकीच्या बाजूला.