बाटलीला नाव कशाला?

अभिनंदन! रसायनशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेचा चार्ज अखेर तुमच्याकडे आला. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, डेडस्टॉक रजिस्टर आणि मागच्या खोलीतलं ते कपाट. तुमच्या आधीच्या सरांनी ते त्यांच्या आधीच्या सरांकडून न उघडता घेतलं होतं. तुम्हीही उघडू नका. उघडलंत की आत काय आहे ते कळेल, आणि एकदा कळलं की जबाबदारी चिकटते.

टाकाऊ रसायनांच्या बाटलीवर नाव, तारीख असलं काही लिहायच्या भानगडीत पडू नका. उद्या कोणी विचारायला आलं तर तुमचंच अक्षर ओळखेल. फार तर 'वेस्ट' लिहा, तेही बॉलपेनने. इथेनॉलचा एक ओघळ आला की तेवढाही पुरावा पुसला जातो. क्लोरोफॉर्मसारखे हॅलोजनवाले सॉल्व्हंट (द्रावक) वेगळे आणि बाकीचे वेगळे ठेवावेत, असं पुस्तकात असतं. पण दुसरा कॅन घ्यायचा तर तीन कोटेशनं मागवावी लागतात. म्हणून एकाच कॅनमध्ये क्लोरोफॉर्म, ॲसिटोन आणि कोणाचं तरी उरलेलं कॉस्टिक पोटॅशचं (म्हणजे अल्कलीचं) द्रावण सुखाने नांदू द्या. अल्कलीच्या संगतीत पहिले दोघे भडकतात, हे तुम्हीच वर्गात शिकवता. पण ते परीक्षेपुरतं. कॅन कुठे सिलॅबसमध्ये आहे?

नायट्रिक आम्लाचं उरलंसुरलं इथेनॉलच्या रिकाम्या बाटलीत ओता आणि बूच घट्ट लावा. बाटली विसळू नका, पाणी महाग आहे. आत वायू साठत जातो आणि रात्री कधीतरी बाटली फुटते, जाताना शेजारच्या चार बाटल्या सोबत नेते. चार बाटल्यांच्या विल्हेवाटीचा प्रश्न एका रात्रीत सुटला.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात परीक्षानळीत चांदीचा आरसा चमकला की पोरं खूश होतात. हा आरसा घडवणारं चांदीचं द्रावण, म्हणजे टॉलेन्स अभिकारक, उरला तर पुढच्या बॅचसाठी ठेवून द्या. चांदीचा भाव पाहता तो ओतून द्यायला हात धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. ठेवलेल्या द्रावणात सिल्व्हर नायट्राइड तयार होतं आणि नुसत्या धक्क्यानेही ते फुटू शकतं, ही बारीकशी गोष्ट. प्रयोग संपल्या संपल्या त्यात पातळ आम्ल घातलं की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी बेल झाल्यावर पाच मिनिटं थांबावं लागतं. इथर तर लोणच्यासारखं मुरू द्यावं: उघडलेली बाटली जितकी जुनी, तितकी आतल्या स्फोटक पेरॉक्साइडांची चव तिखट. पिक्रिक आम्लाच्या बाटलीतलं पाणी आटून झाकणाच्या आट्यांवर पिवळे, घासले तरी फुटू शकणारे स्फटिक दिसू लागले असतील, तर झाकण जोर लावून फिरवून पाहण्याचा मोह जरूर होईल. तो मान विभागप्रमुखांना द्या.

बेसिन मात्र हक्काचं. काचसामान धुतलेलं क्रोमिक आम्ल त्यात सोडा आणि नळ मोठा ठेवा. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक खरं, पण पाइपाच्या पलीकडे महापालिकेची हद्द सुरू होते.

आता वाहतूक. तिचं तंत्र एका वाक्यात बसतं: "मामा, हे जरा खाली नेऊन ठेवा." मामा, म्हणजे आपले शिपाई, अडीच लिटरच्या दोन बाटल्या मानेला धरून, दोन हातांत दोन, जिना उतरतात. एकीत काय आहे हे त्यांना माहीत नाही, दुसरीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. घाई असेल तर लिफ्ट आहेच, सोबत दहा विद्यार्थीही मावतात. ट्रॉली आहे, पण कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती आली की तिच्यावरून चहा जातो. हातमोजेही त्याच दिवशी कपाटातून निघतात.

कोणी नियमावर बोट ठेवलंच, तर घाबरू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पुढे तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या विल्हेवाट केंद्रात जायला हवा, आणि सोबत सात रंगांच्या सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रवासाचं नोंदपत्र. ९० दिवस कधी सुरू झाले हे मात्र बाटलीवरच्या तारखेवरून ठरतं, आणि तारीख आपण लिहिलेली नाही. शिवाय रसायनं विकत घेण्यासाठी बजेटमध्ये हेड असतं, फेकण्यासाठी नसतं. तेव्हा फाइलवर 'तरतूद उपलब्ध नाही' एवढं लिहिलं की तुम्ही सुटलात.

अगदीच जागा हवी असेल तर लिलाव करा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली घेतलेला गॅमा इरॅडिएटर (किरणोत्सारी स्रोत असलेलं यंत्र) होता, १९८५ पासून न वापरता पडलेला. फेब्रुवारी २०१० मध्ये तो भंगारात विकला. मायापुरीच्या बाजारात भंगारवाल्यांनी तो फोडला आणि आतला कोबाल्ट-६० हाताळला. एक कामगार दगावला, आणखी काही जण किरणोत्साराने आजारी पडले. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. विभागातली जागा मात्र रिकामी झाली.

रिकामी जागा फार दिवस राहत नाही. मार्च जवळ आलाय, ग्रँट परत जाता कामा नये. पाच ग्रॅम जहरी मर्क्युरिक क्लोराइड लागणार असेल तर अर्ध्या किलोचंच मागवा, ग्रॅममागे स्वस्त पडतं.