वंशावळीत नसलेल्या लेकी फेरफारात सापडतात

घरबसल्या, पदरचे पैसे न घालता वंशावळ शोधता येईल अशी साधने आता उपलब्ध आहेत, आणि अनेक घरांत कुणीतरी हे काम हौसेने अंगावर घेतलेले दिसते. मात्र नाशिकमध्ये माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक वंशावळी म्हणजे बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू अशी पुरुषांचीच रांग असते. त्यांत लेकी गाळलेल्या असतात आणि सुना लग्नात बदललेल्या नावाने, माहेराच्या उल्लेखाशिवाय लिहिलेल्या असतात. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढता येते, आणि ती भरून काढल्याशिवाय वंशावळ पूर्ण झाली असे कुणी म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद जमिनीचा आहे. महाभूलेख या संकेतस्थळावर निफाड, सिन्नर, दिंडोरी अशा कोणत्याही तालुक्यातल्या गावाचा सातबारा विनाशुल्क पाहता येतो. बहुतेक जण क्षेत्र आणि खातेदाराचे नाव पाहून थांबतात. शोध घेणाऱ्याने मात्र त्यावरचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, यांचे क्रमांकही उतरवून घ्यावेत. खातेदार मयत झाल्यावर वारसांची नावे लावण्यासाठी जो फेरफार होतो, त्यात विधवा पत्नी आणि मुलगे यांच्यासोबत, विशेषतः 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगीही वारस ठरल्यानंतर, सासरी गेलेल्या लेकी पुष्कळदा सासरच्या आडनावासह भेटतात. पुढे हक्कसोडपत्राच्या नोंदीत त्याच पुन्हा दिसतात. ज्या आत्याचे नाव घरातल्या एकाही वहीत नाही, ते तिने आपला हिस्सा सोडला म्हणून सरकारी कागदावर टिकून राहावे, हे मला फार बोचते.

नावापुढे ए.कु.मॅ. असे लिहिलेले असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची व्यवस्थापक म्हणून लावलेली असते. तो एकुलता एक होता असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात शोधता येतात. त्याहून जुन्या कागदांसाठी मोडी लिपीची ओळख हवी. गावाचा पूर्वीचा तालुका समजण्यासाठी 1883 चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येते.

मिळालेली माहिती मांडण्यासाठी फॅमिलीसर्च हे विनामूल्य संकेतस्थळ मला योग्य वाटते, कारण तेथे स्त्रीची नोंद माहेरच्या आडनावाने करण्याची पद्धत आहे आणि हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही. यात्रेकरूंच्या वंशावळी नोंदवून ठेवणाऱ्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही तेथे आहेत. आपल्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांसाठी मात्र त्यांच्याकडे समक्षच जावे लागते, आणि नाशिककरांना ते अवघड नाही.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. त्याआधीच्या पिढ्यांसाठी घरातल्या वयस्कर स्त्रियांना फोन करून त्यांचे लग्नापूर्वीचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव विचारावे. त्यांनी सांगितलेले नाव आणि फेरफारातले नाव जुळले नाही, तर कोणतेही खोडू नये. दोन्ही लिहावीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक व तारीख नोंदवावी.