मी इथे काम करत नाही

गेल्या रविवारी मला दहा रुपये बक्षिशी मिळाली. नाणं. हातात दिलं नाही, तळहात पुढे करायला लावून वरून टाकलं. "माती आहे रे तुझ्या हाताला," असं कारणही दिलं. कारण बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. आईअप्पा सुट्टीत कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे आलेत. थोरल्याला शाळेने उन्हाळ्याचा अभ्यास दिला होता, एक रोप वाढवा आणि रोज त्याचं चित्र काढा. हे आम्हाला कळलं तेव्हा शाळा उघडायला नऊ दिवस होते. अप्पांनी आमची बाल्कनी पाहिली. सहा फूट बाय चार. "हितं एक म्हस बसंल आरामात," ते म्हणाले, "आन तुमी सायकली लावल्याता." झालं. सायकली जिन्यात गेल्या, सोसायटीची नोटीस आली, आणि रविवारी सकाळी आम्ही सहाजण एका गाडीतून नर्सरीत. नर्सरीचं नाव सांगत नाही. मला तिकडे पुन्हा जावं लागणार आहे.

पहिला तमाशा मातीवरून झाला. लाल मातीचं पोतं दीडशे रुपये, हे ऐकल्यावर अप्पा काही बोललेच नाहीत. दोन मिनिटांनी त्यांनी मालकाला विचारलं, "पोत्याचं का मातीचं?" मालक म्हणाला, मातीचं. अप्पांनी पोत्यात हात घातला, मूठभर माती काढली, चुरडली, वास घेतला आणि परत पोत्यात टाकली, साड्यांच्या दुकानात एखाद्या बाईने पदर परत टाकावा तशी. चाळीस वर्षं ज्या माणसाने उसात काढली, ज्याच्या चपलेला लागून रोज दोन-तीन रुपयांची माती घरात येत असणार, त्याच्यासमोर मी दोन पोती घेतली. वर नारळाच्या भुशाची एक वीट. तिला कोकोपीट म्हणतात हे मी त्यांना समजावून सांगत होतो तेव्हा त्यांची नजर माझ्या खिशावर होती.

मग मालक मागच्या बाजूला टेम्पो उतरवून घ्यायला गेला. "पाचच मिनिटं," म्हणाला. अप्पांचे गुडघे दुखतात म्हणून ते शेडमधल्या टेबलामागच्या खुर्चीत बसले. इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा, टोपी. आई दोन वाफे पलीकडे पानओव्याची फांदी मोडत होती, कारण चोरून आणलेलं झाड चांगलं जगतं यावर तिची श्रद्धा आहे. मुलं नळाखाली. बायको मुलांमागे. मी उकिडवा बसून मेथीच्या बियांची पाकिटं चाळत होतो, अंगात हिरवा टी-शर्ट, छातीवर झाडाचं चित्र.

त्या टी-शर्टबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ५ जूनला, पर्यावरण दिनाला, आमच्या कंपनीने टेकडीवर झाडं लावली. चाळीस माणसं, बारा रोपं. खड्डे आधीच कुणीतरी खणून ठेवले होते. मी एका रोपाला हात लावल्याचा फोटो आहे. त्या रोपाचं पुढे काय झालं माहीत नाही, टी-शर्ट मात्र टिकला.

"ए, इकडे बघ जरा."

मी बघितलं नाही. मला 'ए' म्हणणारी माणसं जगात फार थोडी उरलीत आणि त्यातली एक पानओवा चोरत होती.

"ए हिरवा!"

पासष्टीच्या असतील. कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, गळ्यात उतरवलेला स्कार्फ, कपाळावर गॉगल. म्हणजे स्कूटरवरचा सगळा जामानिमा, आणि आल्या होत्या गाडीतून.

"मोगरा कुठला चांगला?"

इथे माझं चुकलं. आदल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोगऱ्याचे व्हिडिओ बघितले होते. एवढी विद्या मिळवून बसलो होतो आणि घरात कुणी एक प्रश्न विचारत नव्हतं. शेवटी विचारणारं कुणीतरी भेटलं.

"मदनबाण घ्या काकू. तुमच्याकडे ऊन किती तास येतं?"

"तुला काय करायचंय माझं ऊन?"

"नाही, मोगऱ्याला पाच-सहा तास लागतं म्हणून."

"पाठ असतं तुमचं हे सगळं. मागच्या वर्षी इथूनच नेला होता. पानंच पानं. एक फूल येईल तर शपथ. विचारलं तर म्हणे छाटा. छाटला, तर मेला."

"कधी छाटलात?"

"एप्रिलात."

"एप्रिल तर फुलांचा महिना काकू. छाटायचा थंडीत."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

या वाक्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने 'कारण तेव्हा मी इथे नव्हतो, आत्ताही नाही' असं म्हटलं असतं. पण पंधरा वर्षं क्लायंटबरोबर मीटिंगा करून माझ्या जिभेला एक खोड लागली आहे. 'आधी का नाही सांगितलंस' असं कुणीही म्हणालं की तिच्यातून आपोआप 'सॉरी' बाहेर पडतं. पडलं.

त्या 'सॉरी'नंतर माझी नेमणूक पक्की झाली. काकूंनी मला तीन मोगरे उचलायला लावले, खालून मुळं दाखवायला लावली, एक बदलून घेतला, तो परत बदलला. "मला फसवू नकोस. मी दर जानेवारीला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघते." मग त्यांच्या सोसायटीची हकीकत झाली. तिथे गांडूळखताचा खड्डा आहे, मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते म्हणून केलेला. "त्यात गांडूळ एकही नाही. खड्डा आहे फक्त. आणि सेक्रेटरी आहे." हे ऐकून मी हसलो. नोकराने हसायचं नसतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"भाव काय?"

"मला नाही माहीत."

"भाव माहीत नाही?" काकू शेडकडे वळल्या. "अहो मालक! याला भाव माहीत नाही."

मी अप्पांकडे बघितलं. आता तरी हा माणूस मला सोडवेल असं वाटलं. पुण्यात आल्यापासून त्यांना कुणी 'मालक' म्हटलं नव्हतं. लिफ्टमध्ये 'आजोबा', पार्किंगमध्ये 'ओ काका', आणि सुनेच्या स्वयंपाकघरात तर 'जरा सरका'. त्यांनी टोपी नीट केली.

"शंबर रुपय एकाचं," अप्पा म्हणाले.

"नवीन आहे का हा?"

"व्हय. शिकतोय अजून."

"कुठला?"

"आमच्याच गावचा."

"चेहऱ्यावरून बरा वाटतो. पण जरा उद्धट आहे."

"लहानपणापास्नं," अप्पा म्हणाले, आणि त्या दोघांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला खरंच वाटलं, आज आपला पगार कापणार.

मग मात्र मी उठलो. गुडघ्यांची माती झटकली आणि शक्य तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणालो, "काकू, मी इथे काम करत नाही."

"ते दिसतंच आहे."

यावर काय बोलणार? तरी बोललो. "नाही म्हणजे, मी आयटीत आहे."

"असशील. हल्ली सगळेच असतात. मग रविवारचा येतोस का इथे? चांगलंय. कष्टाला लाजू नये." तेवढ्यात थोरला आणि धाकटी ओलेचिंब होऊन आले. थोरल्याने विचारलं, "बाबा, तुला इथे पण नोकरी आहे?" त्याच्या आवाजात जो अभिमान होता तो त्याने माझ्या लॅपटॉपकडे बघून कधी दाखवलेला नाही.

काकूंनी मुलांना आपादमस्तक न्याहाळलं. मग आवाज एकदम मऊ करून मला विचारलं, "शाळेत घालतोस ना रे यांना?"

बाकी सगळं मी हसण्यावारी नेतो, मित्रांना नक्कल करून दाखवतो. या एका वाक्याची नक्कल जमत नाही. मी त्यांच्या शाळेची फी भरतो. ती सांगितली असती तर काकूंनी दहाचे वीस केले असते. पण फी भरणारा नसतो, खरोखरचा माळी असतो, तर? तरी त्या प्रश्नाला 'हो बाई' असंच म्हणायचं आणि पोतं उचलायचं. मी म्हटलं, "घालतो," आणि पोतं उचललं.

पोतं, कारण काकूंना मातीही हवी होती. डिकीत त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, मी पोतं ठेवलं, मोगरे ठेवले, एक कलंडला तो सरळ केला. मग ते नाणं. "चहा घे. तंबाखू नको." मग माझा नंबर घेतला. "हाही मेला तर तुलाच विचारीन." नंबर का दिला, असं बायको आठवडाभर विचारते आहे. खोटा नंबर देण्याइतकी हुशारी रविवारी सकाळी ज्याच्याकडे असते त्याला आधी कुणी माळी समजत नाही.

मालक परत आला. मोगरा एकशेवीसचा होता. म्हणजे तिनामागे साठ रुपये अंगावर. "आणि मातीचे?" मालकाने विचारलं. अप्पा म्हणाले, "मातीचं कसलं पैसं? दिली तशीच. बाई मानूस." म्हणजे दीडशे. एकूण दोनशे दहा, ते मी भरले, वजा दहा बक्षिशी. दोनशे रुपये देऊन मी अर्धा तास हमाली केली. आमच्या कंपनीतही साधारण हेच चालतं, पण तिथे निदान एसी आहे.

हिशेब चालू असताना तिथे खरोखर काम करणारा पोरगा आला. वीस-बावीसचा, त्याचा टी-शर्टही हिरवाच. त्याने सगळं दुरून बघितलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त माझ्या खिशाकडे एकदा बघितलं. ते दहा रुपये सरळसरळ त्याचे होते. मी दिले नाहीत. दोनशे दहा हसत मोजले आणि ते दहा मुठीत धरून गाडीत बसलो. का, ते मला अजून धड सांगता येत नाही.

घरी बाग सुरू झाली ती अशी. अप्पांनी कराडहून येतानाच एसटीने श्रीखंडाच्या डब्यातून शेण आणलं होतं, हे तेव्हा उघडकीला आलं. स्वारगेटला मी तो डबा स्वतः उचलला होता, कौतुकाने. त्याचं जीवामृत झालं, म्हणजे झाडांना घालायचं आंबवलेलं खत. दोनशे लिटरला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन हे माप अप्पांना तोंडपाठ आहे, त्याचा दहावा हिस्सा एका बादलीत. बेसन बायकोचं. बादली मुलांच्या अंघोळीची. ती दिवसातून दोनदा काठीने ढवळायची असते. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी ग्रुपवर विचारलं, कुणाकडे ड्रेनेज तुंबलंय का. मीही खाली 'आमच्याकडेही वास येतोय' असं लिहिलं.

पाण्याचं तर वेगळंच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं उशाला घेऊन आम्ही जूनमध्ये टँकरची वाट बघतो. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या माणसाला हे पटवता येत नाही. अप्पा भाज्या धुतलेलं पाणी कुंडीत ओततात आणि दर वेळी म्हणतात, "काय गाव निवडलंस रं." गाव मी निवडलं नव्हतं. नोकरीने निवडलं होतं. पण ही चर्चा बादलीच्या वासात होऊ शकत नाही.

थोरल्याने धने पेरले. ते रगडून दोन भाग करून पेरायचे असतात. आईने चपलेखाली रगडले आणि अन्नावर पाय दिला म्हणून स्वतःच नमस्कार केला. धन्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात. थोरल्याच्या वहीत आत्तापर्यंत कुंडीची चार चित्रं झाली आहेत, चारही तपकिरी, खाली तारीख. धाकटीने आपल्या कुंडीत मेथीबरोबर माझं नाणं पुरलं. पैशाचं झाड. बुधवारी मेथी वर आली. तिच्या मते ती नाण्याला आली आहे, आणि नाणं काढायला हात लावला की ती बिल्डिंग डोक्यावर घेते. म्हणजे माझी बक्षिशीही गेली.

काल गुरुवारी, मीटिंग चालू असताना फोन आला. अनोळखी नंबर, मी घेतला.

"मी मोगरेवाली. पानं पिवळी पडायला लागली रे तुझी."

"पाणी किती घालता?"

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

"जास्त होतंय काकू. वरची माती सुकली की मगच घाला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सॉरी," मी म्हणालो. मीटिंग म्यूट करायची राहिली होती, त्यामुळे पलीकडून क्लायंटनेही 'नो प्रॉब्लेम' म्हटलं.

"रविवारी येऊन बघून जा. आणि येताना एक पोतं माती आण. मालक मातीचे पैसे घेत नाहीत, मला माहितेय."

हॉलमधून अप्पांनी विचारलं, "कोन हाय?"

"तुमचं गिऱ्हाईक."

"मग आन की हिकडं." फोन घेऊन ते बाल्कनीत गेले. तिथून पुढची पंधरा मिनिटं मुळकुजव्या, गुळाचं पाणी, काकूंचे गुडघे, अप्पांचे गुडघे असं काय काय ऐकू येत होतं. शेवटी आवाज जरा खाली आला. "न्हाई, पोरगं वाईट न्हाई. पाठवून देतो रविवारी. धा वाजेपतुर झोपतंय, त्याच्यानंतर."