प्रतिजैविकांमुळेच दात किडले का? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन वर्षांच्या मुलाला व्हायरल तापात दोनदा प्रतिजैविकाचे सिरप दिले गेले, त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचे वरचे पुढचे दात तपकिरी पडले, आणि तरीही आजारपणातील दातांच्या निगेविषयीच्या लेखात मी या औषधांना दोष दिला नाही, ही डॉक्टरांची पाठराखण आहे, असे आपण लिहिले आहे. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत आणि सोबत जिवाणूंचा संसर्ग नसेल तर ती देऊ नयेत, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र औषध अनावश्यक होते म्हणून कीडही त्यानेच लावली, असे म्हणता येत नाही.

तोंडातले ‘चांगले’ जंतू मेले आणि वाईट माजले, हा आपला मुख्य मुद्दा आहे. स्वीडन व ब्रिटनमधील निरोगी प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकाच्या एकाच कोर्सनंतर त्यांच्या आतड्यातील जंतूंची घडी कित्येक महिने विस्कटलेली राहिली, पण लाळेतील जंतू लवकर पूर्ववत झाले. हे निष्कर्ष लहान मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही तोंडातले जंतू आपण समजतो त्यापेक्षा चिवट आहेत, एवढे त्यातून नक्की दिसते.

आपल्याच वर्णनातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: वरचे दात किडले, खालचे पुढचे शाबूत राहिले. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे खालच्या पुढच्या दातांमागेच उघडतात, त्यामुळे ते दात सतत धुतले जातात. वरच्या पुढच्या दातांपर्यंत लाळ सर्वांत कमी पोचते. दोष निव्वळ औषधाने जंतू मारण्याचा असता, तर वरचे आणि खालचे असा भेद पडण्याचे कारण नव्हते. तापात शरीरातले पाणी कमी होते, नाक चोंदल्याने मूल तोंडाने श्वास घेते, सर्दीची काही औषधे लाळ आणखी आटवतात आणि झोपेत तर ती जवळजवळ थांबतेच. अशा कोरड्या तोंडात साखरेचे सिरप, ग्लुकोजचे पाणी किंवा दुधाची बाटली रात्री गेली की जंतू त्या साखरेचे आम्ल करतात, आणि पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा घटतो) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातील, खनिजे विरघळू लागतात. शिवाय डोळ्यांना दिसणारी कीड तयार व्हायला बहुधा महिने लागतात. त्यामुळे तिची सुरुवात या तापाआधीच झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रतिजैविके दातांना सर्वस्वी निरुपद्रवी आहेत, असा माझा दावा नाही. टेट्रासायक्लिन आठ वर्षांच्या आत दिल्यास घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. प्रतिजैविकांनंतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टेही येतात. बालपणी अमॉक्सिसिलिन घेतलेल्या काही मुलांच्या कायमच्या दातांचे एनॅमल कमकुवत आढळले आहे. परंतु तिथे ताप आणि औषध एकत्रच आलेले असल्याने कुणाचा वाटा किती, हे अभ्यासकांना वेगळे करता आलेले नाही.

आता मुलाला दंतवैद्यांकडे नक्की न्या. हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषा असतील, तर फ्लोराइडने तिथली झीज अजून थांबवता येते. पुढच्या आजारपणात बिनसाखरेचे सिरप मिळेल का ते विचारा, रात्रीचा डोस दात घासण्यापूर्वी द्या आणि नंतर फक्त पाणी पाजा. मात्र किडलेल्या दातामुळे गालावर सूज येऊन ताप चढला, तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो. तेव्हा त्याच दिवशी मुलाला दाखवा, आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर या अनुभवामुळे ते नाकारू नका.